घटती भावंडे आणि पेशींवरच्या खुणा

महाराष्ट्रातील कुटुंब लहान झाले, ही गेल्या अर्धशतकातील एक मोठी सामाजिक घटना होय. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी या राज्यातील स्त्रीला सरासरी चाराहून अधिक मुले होत असत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हा आकडा १.७ वर आला. या बदलाचे स्वागत अर्थशास्त्रज्ञांनी केले, समाजसुधारकांनी केले आणि सर्वांत आधी ज्यांच्या प्रकृतीवर वारंवार होणाऱ्या बाळंतपणांचा भार पडत होता त्या स्त्रियांनी केले. ते योग्यच आहे. तथापि प्रत्येक सामाजिक लाभामागे एखादा लहानसा खर्च दडलेला असतो आणि तो ज्याच्या वाट्याला येतो त्याच्याखेरीज इतरांच्या दृष्टीस पडत नाही. ज्या मुलाला थॅलेसेमिया, सिकल सेल किंवा रक्ताचा कर्करोग आहे आणि ज्याच्या बाबतीत अस्थिमज्जेचे रोपण हाच टिकाऊ उपाय उरला आहे, त्याच्यापुरता ‘घरात भावंडे किती?’ हा जीवनमरणाचा प्रश्न असतो. लहान कुटुंबाने त्याची संधी घटवली आहे. ही तूट कोणी भरून काढायची, याचा विचार आपल्या आरोग्यधोरणात अद्याप झालेला दिसत नाही.

ही संधी भावंडांवर का अवलंबून असते, हे समजून घेण्यासाठी थोडे जीवशास्त्रात शिरावे लागेल. केंद्रक असलेल्या जवळजवळ सर्व पेशींच्या पृष्ठभागावर काही विशिष्ट प्रथिने असतात. स्वकीय कोण आणि परका कोण, हे शरीराची संरक्षणव्यवस्था त्यांच्यावरून ओळखते. वैद्यकात त्यांना एच.एल.ए. असे संक्षिप्त नाव आहे. ती घडवणारी जनुके सहाव्या गुणसूत्रावर एकमेकांलगत असतात आणि त्यामुळे सहसा गठ्ठ्यानेच वारशात येतात: एक गठ्ठा आईकडून, एक वडिलांकडून. या जनुकांची आजवर नोंदली गेलेली भिन्न रूपे ४० हजारांच्या पुढे गेली आहेत. रक्ताचे गट चार, अशी सवय झालेल्या मनाला ही विविधता चटकन पेलत नाही. मूत्रपिंडाच्या रोपणात प्रभावी औषधांमुळे ही जुळणी अपुरी असली तरी आता भागते. अस्थिमज्जेचे तसे नाही, कारण तेथे रोपण होते ते संरक्षणव्यवस्थेचेच. जुळणी चुकली तर रुग्णाचे शरीर परक्या पेशींना नाकारते एवढेच नव्हे, तर त्या पेशीच उलटून रुग्णाच्या शरीरावर हल्ला करतात.

आईवडिलांचे मिळून गठ्ठे चार. त्यातले दोन प्रत्येक अपत्याला मिळतात. म्हणजे सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळणी होण्याची शक्यता चारात एक. आईवडील स्वतः बहुधा अर्धेच जुळतात. आता साधा हिशेब मांडून पाहावा. पाच मुलांच्या घरातील आजारी मुलाला चार भावंडे असतात. त्यांतील निदान एक पूर्ण जुळण्याची शक्यता ६८ टक्के येते. तीन मुलांच्या घरात ती ४४ टक्क्यांवर येते, दोन मुलांच्या घरात २५ टक्क्यांवर आणि एकुलत्या एका अपत्यासाठी ती शून्य असते. जुन्या मोठ्या कुटुंबाला आपण गरिबीचे कारण मानले आणि ते पुष्कळ अंशी खरेही होते. परंतु नकळत तेच कुटुंब दात्यांची घरगुती पेढीही होते. मामाच्या मुलीशी लग्नाची चाल जेथे टिकून आहे तेथे आईवडिलांचे गठ्ठेच काही वेळा सारखे निघतात आणि जुळणीची शक्यता वाढते, हे खरे. पण त्याच चालीने आनुवंशिक रक्तविकारांचा संभवही वाढतो, तेव्हा हा लाभ म्हणजे घर जळाल्यावर कोळसा हाती लागण्यापैकी आहे.

थॅलेसेमियाग्रस्त मुलाचे आईवडील कधी कधी दाता मिळावा या आशेने आणखी एका अपत्याचा निर्णय घेतात. त्या निर्णयामागचा हिशेब फार कठोर आहे. होणारे मूल आजारापासून मुक्त असण्याची शक्यता चारात तीन आणि भावंडाशी जुळण्याची चारात एक. दोन्ही गोष्टी एकत्र येण्याची शक्यता सोळांत तीन, म्हणजे सुमारे १९ टक्के. शासकीय साहाय्याची बांधणीही याच घरगुती पेढीवर झाली आहे. कोल इंडियाच्या सामाजिक उत्तरदायित्व निधीतून २०१७ पासून चालणारी योजना थॅलेसेमियाग्रस्त मुलांच्या रोपणासाठी दहा लाख रुपयांपर्यंत मदत देते. ती चांगली योजना आहे आणि तिने अनेक मुले वाचली आहेत. परंतु कुटुंबातच जुळणारा दाता असणे हा तिचा पाया आहे. ज्याच्या नशिबी असे भावंड नाही, त्याला दाताही नाही आणि त्या दात्यावर आधारलेले साहाय्यही नाही. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन अभियानात सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे उद्दिष्ट आहे. विदर्भातील आणि नंदुरबारमधील आदिवासींच्या दृष्टीने ते महत्त्वाचे आहे. पण तपासणी म्हणजे निदान. ज्याचे निदान झाले त्याने पुढे दाता कोठून आणायचा, हा प्रश्न उरतोच.

घरगुती पेढीबद्दल फार हळवे होण्याचेही कारण नाही. तिचे व्यवहार कधीच समन्यायी नव्हते. अवयवरोपणाचे आकडे पाहिले तर १९९५ ते २०२१ या काळात भारतात अवयव मिळालेल्या दर पाच रुग्णांपैकी चार पुरुष होते, आणि जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत मात्र स्त्रियांचे प्रमाण फार मोठे आहे. आई देते, पत्नी देते, बहीण देते. योगायोग असा की या खुणांचे शास्त्रही स्त्रियांच्याच रक्तातून उभे राहिले. फ्रान्सचे ज्याँ दोसे यांनी १९५८ साली अनेकदा रक्त घेतलेल्या रुग्णांच्या रक्तद्रवातून पांढऱ्या पेशींवरची पहिली खूण ओळखली. त्याच वर्षी हॉलंडमध्ये व्हान रूड आणि अमेरिकेत रोझ पेन यांना अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रियांच्या रक्तात अशाच खुणांविरुद्धची प्रतिपिंडे सापडली. गर्भातील मूल पित्याच्या खुणा घेऊन येते आणि आईचे रक्त त्या ओळखून ठेवते. पुढे वर्षानुवर्षे ऊतकजुळणीच्या चाचणीसाठी प्रयोगशाळा असाच रक्तद्रव वापरीत. दोसे यांना १९८० साली नोबेल पारितोषिक मिळाले. याच प्रतिपिंडांमुळे मुले झालेल्या पत्नीला पतीचे मूत्रपिंड चालणे अनेकदा अवघड होते, पतीला पत्नीचे मात्र पुष्कळदा चालते. निसर्गानेही कुटुंबातील देवघेवीचे पारडे एका बाजूला झुकवून ठेवावे, ही विचित्रच गोष्ट होय.

कुटुंबाबाहेर दाता शोधण्याचा मार्ग १९७४ साली लंडनमध्ये एका आईने दाखवला. शर्ली नोलन यांचा मुलगा अँथनी दुर्मीळ विकाराने आजारी होता आणि त्याला जुळणारा दाता घरात नव्हता. त्यांनी स्वेच्छेने नाव देणाऱ्या अनोळखी लोकांची जगातील पहिली नोंदवही उभी केली. अँथनी १९७९ साली दाता न मिळताच गेला, नोंदवही राहिली. आज जगभरच्या अशा नोंदवह्यांत मिळून चार कोटींहून अधिक नावे आहेत. त्यांपैकी एक कोटीहून अधिक एकट्या जर्मनीत आहेत, ज्या देशाची लोकसंख्या महाराष्ट्राहून कमी आहे. भारतात चेन्नईची ‘दात्री’ २००९ पासून आणि मुंबई, बंगळूर येथील काही संस्था हे काम निष्ठेने करीत आहेत, पण १४० कोटींच्या देशातील नावांची बेरीज अजून लाखांतच मोजावी लागते. नोंद करण्यासाठी गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवणे पुरते. कधी काळी बोलावणे आलेच तर चार-पाच दिवस इंजेक्शने घेऊन काही तास यंत्राला जोडून बसावे लागते. रक्तातून मूलपेशी वेगळ्या होतात आणि उरलेले रक्त शरीरात परत जाते. दात्याच्या शरीरात त्या पेशी पुन्हा तयार होतात.

मग नोंदवही वाढत का नाही? उत्तर अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात सापडेल. एका दात्याच्या चाचणीचा खर्च काही हजारांत जातो, तो आज करावा लागतो आणि त्याचा लाभ बहुधा कधीच न भेटणाऱ्या कोणा एकाला, अनेक वर्षांनी, झाला तर होतो. अशी वस्तू बाजार पुरेशा प्रमाणात निर्माण करीत नाही. रस्ता, बंधारा आणि देवीची लस यांच्या पंक्तीत ती बसते. बाजार जे निर्माण करतो ते याच्या नेमके उलटे असते. बाळाच्या नाळेतील रक्त त्याच्या स्वतःच्या भविष्यासाठी साठवून ठेवण्याचा व्यवसाय शहरांत तेजीत आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा खासगी साठवणीची शिफारस केलेली नाही. आनुवंशिक विकार झालेल्या बाळाला त्याच्याच दोषयुक्त पेशी परत देऊन काय साधणार, एवढा साधा प्रश्नही जाहिरात वाचणाऱ्या पालकांना पडू दिला जात नाही.

परदेशी नोंदवह्यांत चार कोटी नावे असताना आपण वेगळी उठाठेव कशाला करावी, असे कोणी विचारील. येथेच आपली समाजरचना आडवी येते. या खुणांचे गठ्ठे वंशपरंपरेने येतात, म्हणून ज्यांचे पूर्वज समान त्यांच्यात ते समान असण्याचा संभव अधिक. अमेरिकेतील नोंदवहीचा २०१४ साली अभ्यास झाला, तेव्हा युरोपीय वंशाच्या गोऱ्या रुग्णाला पूर्ण जुळणारा दाता मिळण्याची शक्यता ७५ टक्के आढळली, तर दक्षिण व मध्य अमेरिकी मूळ असलेल्या कृष्णवर्णीयांना ती अवघी १६ टक्के होती. आपल्याकडे प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे, कारण येथे देश ही एकच वंशावळ नाही. इरावतीबाई कर्वे आणि वि. म. दांडेकर यांनी १९५१ साली महाराष्ट्रातील जातिसमूहांच्या शरीरमापनांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. मानववंशशास्त्रज्ञ आणि अर्थ-संख्याशास्त्रज्ञ यांची ती जोडी आज विलक्षण वाटते. कुंभार म्हणून एकाच नावाने ओळखले जाणारे लोकही प्रत्यक्षात परस्परांत लग्ने न करणारे अनेक गट आहेत आणि जात म्हणजे विस्तारलेले आप्तमंडळ होय, ही गोष्ट इरावतीबाईंनी पुढे आग्रहाने मांडली. २०१७ साली हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राच्या सहभागाने झालेल्या अभ्यासात दक्षिण आशियातील २६३ गटांपैकी ८१ गटांत थोड्या मूळ पूर्वजांचा ठसा फिनलंडच्या लोकांपेक्षाही अधिक तीव्र आढळला. जातीबाहेर लग्न न करण्याच्या रूढीने सामाजिक अन्याय किती केला याची चर्चा पुष्कळ झाली आहे. त्या रूढीने पेशींवरही कुंपणे घातली आहेत, हे मात्र रुग्णालयाच्या दारातच कळते. ज्या गटातील कोणीच नोंदवहीत नाही, त्या गटातील रुग्णाला जर्मनीतील एक कोटी नावांचा उपयोग जवळजवळ शून्य.

याच वस्तुस्थितीची दुसरी बाजू आशादायक आहे. ज्या गटात तेच तेच गठ्ठे पुन्हा पुन्हा येतात, तेथे थोड्या नोंदींनीही पुष्कळ काम होऊ शकते. मुंबईला याचा एक जुना धडा मिळालेला आहे. १९५२ साली डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात एक नवा रक्तगट ओळखला. जगात तो ‘बॉम्बे’ याच नावाने प्रसिद्ध झाला. हे लोक वरवरच्या चाचणीत ‘ओ’ गटाचे दिसतात, पण त्यांना ‘ओ’ गटाचेही रक्त चालत नाही. आपल्यासारख्याच दुसऱ्या माणसाचे रक्त लागते. युरोपात असा माणूस दहा लाखांत एखादा. मुंबईत साडेसात हजारांत एक या प्रमाणात तो आढळला. १९५७ साली निघालेले रक्तगट संदर्भ केंद्र, म्हणजेच आजची के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था, अशा दुर्मीळ दात्यांची नोंद ठेवीत आली आहे. स्वयंसेवकांनीही गावोगावच्या अशा माणसांना दूरध्वनीने जोडून घेतले आहे. माणसे मोजकी, पण ती कोण आणि कोठे आहेत हे ठाऊक असल्यामुळे प्राण वाचतात.

तेव्हा नावे किती यापेक्षा ती कोणाची, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. मुळशी तालुक्यातील कासारसाईचे उदाहरण घ्यावे. येथून थोड्याच अंतरावर हिंजवडीची संगणकनगरी आहे. दातानोंदणीची शिबिरे सामान्यतः महाविद्यालये आणि कंपन्या यांच्यात भरतात, कारण तेथे तरुण, सुशिक्षित आणि दूरध्वनीवर सापडणारी माणसे एका छपराखाली मिळतात. हिंजवडीसारख्या ठिकाणी अशी नोंदणी सुलभ आहे. परंतु ज्या थरांतील नावे आधीच पुष्कळ आहेत, त्या थरांतील आणखी एका नावाची सीमांत उपयुक्तता उतरत जाते. कासारसाईला धरण आहे, आणि कासारसाई-दारुंबरे येथे श्री संत तुकाराम सहकारी साखर कारखाना आहे. मुळशी-मावळातील मराठा शेतकरी, धनगर, महादेव कोळी, ठाकर आणि सर्वांत उपेक्षित असे कातकरी या परिसरात राहतात. पश्चिम महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यात हंगामात बीड, अहिल्यानगर आणि खानदेशाकडून तोडणी मजुरांच्या टोळ्या उतरतात. त्यांत वंजारी, बंजारा, दलित, भिल्ल असे परस्परांत लग्नसंबंध नसलेले अनेक समाज असतात. ज्यांची नावे नोंदवहीत नाहीत असा अर्धा महाराष्ट्र चार-पाच महिने अशा कारखान्यांच्या परिसरात पालांत राहत असतो. अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता येथे घेतलेली हजार नावे संगणकनगरीतल्या पुढच्या हजारांपेक्षा अधिक मोलाची ठरावीत.

या विचाराला एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळता येणार नाही. गेल्या काही वर्षांत अर्ध्या जुळणीवरही रोपण यशस्वी करण्याची पद्धत रूढ झाली आहे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथे विकसित झालेल्या या पद्धतीत सायक्लोफॉस्फामाइड हे जुने आणि स्वस्त औषध रोपणानंतर देऊन उलटणाऱ्या पेशींचा बंदोबस्त केला जातो. त्यामुळे आई किंवा वडीलही दाते होऊ शकतात. भारतासारख्या देशाला हे वरदानच आहे, आणि मोठ्या नोंदवहीची निकड त्याने काही अंशी कमी केली आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु आईवडील वयस्क किंवा आजारी असू शकतात. रुग्णाच्या रक्तात त्यांच्याच खुणांविरुद्ध प्रतिपिंडे असू शकतात, विशेषतः ज्याला लहानपणापासून वारंवार रक्त द्यावे लागले त्या थॅलेसेमियाच्या मुलात. आणि आनुवंशिक रक्तविकारांत पूर्ण जुळणाऱ्या भावंडाची बरोबरी अर्ध्या जुळणीने सहजासहजी होत नाही. शिवाय हेच औषध कुटुंबाबाहेरच्या, किंचित कमी जुळणाऱ्या दात्याच्या बाबतीतही वापरता येते, म्हणजे मध्यम आकाराच्या नोंदवहीचे मोल त्याने उलट वाढवले आहे. जर्मनीएवढी नोंदवही आपल्याला नको असेल; नीट निवडलेली काही लाखांची पुरेल. राज्याच्या अर्थसंकल्पात हा खर्च शोधूनही सापडणार नाही इतका लहान राहील.

नाव देणाऱ्याला पैसे द्यावेत, म्हणजे नोंदी वाढतील, हा उपाय सुचणे स्वाभाविक आहे. रिचर्ड टिटमस यांनी १९७० साली रक्तदानावरील आपल्या ग्रंथात अशा विक्रीने रक्ताची प्रत खालावते आणि दानाची प्रेरणाही आटते, असे मांडले. केनेथ ॲरो यांनी १९७२ साली त्यावर, बाजार खुला झाल्याने दान करणाऱ्याचे स्वातंत्र्य कसे कमी होते, असा रोखठोक प्रश्न केला. भारताने हा वाद आपल्यापुरता सोडवला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निर्णयानंतर १ जानेवारी १९९८ पासून व्यावसायिक रक्तविक्री बंद झाली आणि देशातील रक्तपेढ्या काही ओस पडल्या नाहीत. ज्या महाराष्ट्रात गणेशोत्सवापासून नेत्यांच्या वाढदिवसापर्यंत रक्तदान शिबिरे भरतात, तेथे दानाची वृत्ती कमी आहे असे कोणी म्हणणार नाही.

कमी आहे ती न्यायाची हमी. कातकरी तरुणाने नाव द्यावे, त्याच्या पेशी कोणा संपन्न कुटुंबातील मुलाला उपयोगी पडाव्यात आणि त्याच्या स्वतःच्या घरातील मूल आजारी पडले तर लाखांचा खर्च पाहून त्याने गप्प बसावे, अशी व्यवस्था दानाच्या नावाखाली उभी राहणार असेल तर ती न उभारलेलीच बरी. नोंदवही सार्वजनिक पैशाने करायची तर कुटुंबाबाहेरच्या दात्याकडून होणारे रोपणही शासकीय साहाय्याच्या कक्षेत आणावे लागेल. या दोन गोष्टी वेगळ्या करता येणार नाहीत. जातीची नोंद करण्याचे तर मुळीच कारण नाही. मूळ तालुका आणि मातृभाषा एवढ्यावर निवड पुरेशी साधते, आणि पेशींवरच्या खुणा पुढचे काम स्वतःच करतात. विमा कंपन्यांना किंवा मालकांना ही माहिती मिळू नये याची तरतूद डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याच्या आधारे सुरुवातीपासूनच करावी लागेल.

एक अडचण मात्र कागदावर सुटणारी नाही. नाव दिलेला माणूस पाच वर्षांनी बोलावणे आले तेव्हा सापडला पाहिजे आणि तयार असला पाहिजे. तोडणी मजुराचा पत्ता दर हंगामाला बदलतो, दूरध्वनीचा क्रमांक त्याहून लवकर बदलतो. त्याचा खात्रीचा माग असतो तो मुकादमाच्या वहीत, कारण मजुराने त्याच्याकडून उचल घेतलेली असते. ही वही वापरण्याचा मोह व्यवस्थापकांना होणारच. पण उचलीत अडकलेला मजूर मुकादमाला नाही म्हणू शकत नाही, आणि ज्याला नाही म्हणता येत नाही त्याची संमती कायद्यानेही संमती ठरत नाही. तेव्हा माग काढण्यास वहीचा उपयोग झाला तरी नाव घेणारा, फॉर्म मराठीत आणि मजुराच्या बोलीत वाचून दाखवणारा आणि पुढे बोलावणे पाठवणारा माणूस मुकादमाचा नसावा, कारखान्याचाही नसावा. तो मजुराच्या मूळ गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा असावा, जेथे तो दर पावसाळ्यात परत जातो.